गुलाबच्या रक्ताचा कागद

मोहाडी,
११ जानेवारी १९८७

चि. यादोराव यास,

जयभीम. आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, आधी थोडं रागावून घेऊ दे.

सव्वा वर्षापूर्वी तू अमेरिकेतून या जिल्ह्यात आलास, तीन आठवडे विश्रामगृहात राहिलास आणि सख्ख्या बहिणीच्या घरी एकदा जेवलास. त्यातही पानात भात टाकलास. तुझ्या विद्यापीठाने तुला मेंदूज्वराच्या विषाणूमागे धाडलं म्हणून तू आलास. बहिणीमागे धाडणारं विद्यापीठ अजून निघालेलं नाही, तेव्हा तक्रार कोणाकडे करू? आई गेली तेव्हा तुझी तार आली आणि तू आला नाहीस, ते पत्र वेगळं आहे. ते मी अजून लिहिलेलं नाही आणि हे पत्र त्याचं नाही.

हे पत्र शकुनबाईचं आहे.

आठवते का? आंबागडच्या किल्ल्याखालची टोली, बोडीच्या तळ्याला लागून असलेलं घर, टिकारामची बायको. तिचा गुलाब पाच वर्षांचा होता. ताप आणि झटके. तू दारातच बसून त्याच्या दंडातून रक्त काढलंस. तू गावची बोली विसरलास असं सोबतच्या साहेबांना सांगितलं होतंस, म्हणून दुभाषी म्हणून मी उभी होते. (दारात ठेच लागली तेव्हा "मायवो" म्हणून ओरडलास, ते मी त्यांना भाषांतर करून सांगितलं नाही.) शकुनबाईने पोराचा हात धरून ठेवला होता. तू तिला म्हणालास, दोन महिन्यांत कळवतो. मग पेटीतला बर्फ वितळायला लागला म्हणून तुमची जीप नागपूरला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाब गेला.

पुढचं तुला ठाऊक नाही. तिच्या सासूने, रंभाबाईने, साऱ्या टोलीत सांगितलं, "पोराचं रगत काढू देलन. पैसे घेतले असन. रगत गेलं, मंग पोरगं राहीन का?" बाकीच्यांनी आधी ऐकून घेतलं, मग मान हलवली आणि शेवटी तिला पाणी भरायला बोडीवर येऊ देईनात. बाई ज्या साहेबापुढे बसली होती त्याची बहीण म्हणून ती माझ्याकडे आली. गेल्या वर्षापासून माझ्या घरापुढच्या सपरीत राहते, दिवसा राईस मिलमध्ये धान पाखडते. तिची दुसरी, तुळसा, तीन-चार वर्षांची आहे. ती टोलीलाच आहे. रंभाबाई म्हणते, एक विकलं, दुसरं देणार नाही.

टिकाराम आठवडी बाजाराला मोहाडीला येतो. बायकोला भेटत नाही, मला भेटतो. वाईट माणूस नाही, आईचा मुलगा आहे. परवा म्हणाला, "बिमारीनं गेला असा कागद आणा, मास्तरीणबाई. मंग मी सोता येऊन नेतो तिले. कोणी का म्हणते पाहू."

तर गुलाबच्या रक्ताची ती एक नळी तपास. शंभर नकोत, एक. तिच्यात रोग सापडला की एका बाईला तिची मुलगी मिळते. तुमच्या शास्त्रात याला काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्यात याला कार्यकारणभाव म्हणतात आणि परीक्षेत चार गुणांना विचारतात.

आशीर्वाद. भात खात जा.

तुझी ताई,
सत्यभामा


मोहाडी,
२ मार्च १९८७

चि. यादोराव,

तुझं निळं हवाईपत्र मिळालं. सगळं टाइप केलेलं आणि खाली सही. बहिणीला टाइप केलेलं पत्र आणि त्यात माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, म्हणजे टायपिस्ट तूच असणार.

मजकूर कळला. तापाच्या अभ्यासाला मिळणारा पैसा गेल्या जुलैला संपला. विद्यापीठाच्या समितीचं म्हणणं, कुठल्याशा धानाच्या पट्ट्यातल्या पोरांचा ताप आता अग्रक्रमाचा नाही. एड्स नावाच्या नव्या रोगाकडे सगळा पैसा वळला आहे, वळणारच, तिथली माणसं धडाधड मरताहेत, आणि तुझा एक सहकारीही गेला. त्याचं वाचून वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्या रोगाला पैसा मिळू नये असं मी म्हणत नाही. पण आमच्या पोरांच्या नळ्या फ्रीजरमध्ये पडून आहेत आणि त्यांची जागा नव्या नळ्यांना हवी आहे, हे वाक्य तू ज्या सहजतेने लिहिलंस त्याला मी दहापैकी दोनच गुण देईन.

हा रोग इथेही आला आहे. म्हणजे रोग नाही, बातमी. आमच्या हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर वर्तमानपत्रातून मुलांना वाचून दाखवायला घेतली. अर्ध्यात आल्यावर पुढे काय छापलंय ते त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा लालबुंद होऊन म्हणाले, "उर्वरित भाग घरी वाचा." त्या दिवशी सगळ्या मुलांनी गृहपाठ केला. न्हावी आता ब्लेड नवीन आहे म्हणून शपथ घेतो. कोणाला विचारलं की हा रोग कशाने होतो, तर दोन शब्द ठाम सांगतात, रक्ताने आणि पापाने. बाकी तपशिलात मतभेद आहेत.

शकुनबाईला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिने विचारलं, "म्हणजे आमच्या बिमारीले तिकडं कोणी विचारत नाई?" मी म्हटलं, सध्या नाही. ती म्हणाली, "इथंबी कोण विचारते." आणि सूप घेऊन मिलवर गेली.

यादोराव, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. बाबांनी १९५६ नंतर मला संस्कृत शिकायला नागपूरला पाठवलं, "त्यांच्या कुलपात काय आहे ते पाहून ये" म्हणाले. तुला विज्ञानाला पाठवलं. मी पाहून आले, कुलपात विशेष काही नव्हतं. तुझ्या कुलपात मात्र एका बाईचं पोरगं आहे.

उत्तर लवकर पाठव. हाताने लिही.

ताई


मोहाडी,
१४ जून १९८७

चि. यादोराव,

हाताने लिहिलेलं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, कोंबडीने दाणे टिपल्यासारखं. बरं वाटलं.

तर तुम्ही विभागाचं नाव बदलता आहात. बारशाचे पेढे पाठव. नावात एड्स आधी, मग "उदयोन्मुख विषाणुजन्य रोग", की मग विद्यापीठ पैसा सोडतं. आणि एकदा पैसा आला की नळी तपासायला लागणारे पांढरे उंदीर त्याच पैशाचे, आणि उंदराला कोणी विचारत नाही की तुला कोणत्या विषाणूसाठी आणलं. म्हणजे गुलाबची नळी त्या नावाच्या आडून तपासून होईल. युक्ती चांगली आहे. आपल्या बाबांनीही एकदा धर्माचं नाव बदललं होतं, पण त्यांना ग्रँट मिळाली नाही. होत्या त्या सवलती गेल्या. तू त्यांच्यापेक्षा हुशार निघालास.

इकडची हकिगत लिहू की नको असा विचार करत होते. लिहिते.

मागच्या आठवड्यात शकुनबाई टोलीला जाऊन आली. मला न सांगता गेली, तुमसरहून पायी. बोडीच्या पाळीवर उभी राहिली. तुळसा तिथेच चिखलाचे बैल करत होती. हिने मुरमुऱ्याचा लाडू पुढे केला. पोरीने घेतला, अर्धा खाल्ला आणि विचारलं, "तू कोनाची माय?"

तेवढ्यात रंभाबाई आली. "काहून आली वो? अजून एक बाकी हाये म्हणून?" पोरीच्या हातातला उरलेला लाडू काढून बोडीत टाकला आणि तिथेच तिचे हात धुतले. आजूबाजूला धानाचे पऱ्हे पेरायला आलेल्या बाया होत्या. त्यातली एक शकुनबाईसोबत दरवर्षी एकाच बांधीत धानाची रोपं लावायची, दोघींचं गाणं सोबतचं. तिने पाठ फिरवली.

हे सगळं शकुनबाईने मला भाकरी थापता थापता सांगितलं. तुळसाने विचारलेलं सांगताना हसली. म्हणाली, "बोलते चांगली, बाई. बापासारखी गप नाई."

मी उठून आत गेले. मला वर्गात चाळीस पोरांसमोर रडू येत नाही, पण भाकरीच्या वासाला काही सांगता येत नाही.

उंदीर आणलेत का?

ताई


मोहाडी,
२२ ऑगस्ट १९८७

यादोराव,

सापडला! तू लिहिलंस आणि मी पत्र हातात घेऊन शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिले, तर शिपाई म्हणाला, "बाई, कोणी गेलं का?" मी म्हटलं, नाही, गेलेला सापडला.

म्हणजे उंदराची पिल्लं गुलाबच्या रक्ताने तशीच झटके येऊन मेली, आणि जो विषाणू निघाला तो मेंदूज्वराचाच, डासांमार्फत येणारा. तुमच्या सुईचा त्यात काही संबंध नाही. नळीत आला म्हणजे रक्त काढायच्या आधीच तो पोराच्या अंगात होता. इतकं निःसंदिग्ध वाक्य मी तुझ्याकडून लहानपणापासून ऐकलेलं नाही.

शकुनबाई मिलमधून आली तेव्हा दारातच सांगितलं. ती खाली बसली.

"म्हणजे रगत काढलं नसतं तरी गेला असता?"

"हो. नक्की."

"तो म्हणे, माय, नोको. सुई पाहून पाय झाडत होता. मी घट्ट धरला." तिने दोन्ही मुठी समोर धरून दाखवल्या, अजूनही दंड धरल्यासारख्या. "मंग मी त्याले कायले धरला, बाई?"

याचं उत्तर पाणिनीपासून तुझ्यापर्यंत कोणाकडे असेल असं वाटत नाही. मी म्हटलं, रोग शोधायला. दुसऱ्या पोरांसाठी. ती मान हलवत राहिली. नंतर उठली आणि पेटीतून तुळसासाठी शिवलेला झंपर काढून पाहू लागली. अंगात बसन का, म्हणाली, आता मोठी झाली असन.

आता नीट ऐक. कागद माझ्याकडे पाठवू नकोस. थेट सरपंच भैय्याजींच्या नावे पाठव, रजिस्टरने. टोलीची माणसं माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, मी तिच्या बाजूची. तुझ्या विद्यापीठाचा छापील कागद हवा, वर मोठं नाव, चिन्ह, खाली सही आणि ठळक शिक्का. साधा कागद चालणार नाही. इथे माणसापेक्षा शिक्क्याला जास्त मान आहे. इंग्रजीत चालेल, मी जाऊन वाचून सांगीन.

लवकर. टिकारामला बाजारात सांगितलं आहे. तो म्हणाला, "लेटरपॅड आलं की झालं." मग इकडे तिकडे पाहून हळूच विचारलं, "कशी हाये ती?"

आज खरंच आशीर्वाद.

तुझी ताई


मोहाडी,
२८ सप्टेंबर १९८७

यादोराव,

हे पत्र मी दोनदा फाडलं.

कागद आला. तुझं काही चुकलं नाही, तसं तू समजू नकोस. मी मागितलं तसंच तू पाठवलंस. छापील, चिन्हाचा, निळ्या शिक्क्याचा. विद्यापीठाच्या नावाच्याही वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, तुमच्या विभागाचं नवं नाव. त्याचा पहिला शब्द इंग्रजीत चार अक्षरांचा.

टोलीचं टपाल बाबुलाल पोस्टमन नेतो. त्याला इंग्रजी पत्त्यापुरतं येतं. पण ती चार अक्षरं त्याला येतात, कारण ती गेला महिनाभर आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकावर त्याच्या टेबलासमोर टांगलेली आहेत, खाली कवटी आहे. पाकिटावरही तेच नाव छापलेलं. त्याने ते लपवलं नाही आणि वाढवलंही नाही. रस्त्याने ज्यांनी विचारलं, अमेरिकेहून का आलं गा, त्यांना दाखवलं.

आम्हाला निरोप मिळाला की रविवारी भैय्याजींनी सगळ्यांना बोलावलंय. शकुनबाई नवं लुगडं नेसली. झंपर घडी करून पदरात घेतला. एसटीत खिडकीबाहेर धान पाहत होती. उतरल्यावर म्हणाली, "बाई, मी आत जाऊन आधी सासूच्या पाया पडू का?" मी म्हटलं, पड.

चावडीसमोर माणसं बसली होती. आम्ही गेलो तशी वाट झाली. मला वाटलं, मान देताहेत. ती वाट फारच रुंद होती.

भैय्याजींनी कागद दोन बोटांत धरला होता. "मास्तरीणबाई, हे वरतं का लिवलं हाये?"

"हे त्या विभागाचं नाव आहे."

"हे त्या बिमारीचंच नाव ना?"

"हो, पण मजकूर खाली आहे. गुलाबला तो रोग नव्हता. डासाने येणारा मेंदूचा ताप होता. वाचते, ऐका."

"गुलाबले नव्हता, तर त्याच्या कागदावर नाव कायले?"

"कारण सध्या विद्यापीठाचा पैसा त्या नावाने मिळतो. नाव बदललं म्हणून तर तपासणी झाली."

भैय्याजी हळूच, जवळजवळ मायेने म्हणाले, "बाई, एवढी शिकलेली तू. असं सांगते का कोणी? पैशासाठी कोणी मुडद्याच्या कागदावर दुसऱ्याच बिमारीचं नाव टाकन का?"

यादोराव, मी आयुष्यभर वादविवाद शिकवला. हेतू, उदाहरण, निष्कर्ष. त्या दिवशी माझ्याकडे खरं होतं, सगळंच्या सगळं, आणि ते उच्चारलं की ताबडतोब थाप होत होतं. मी तरीही कागद वाचला, ओळीन् ओळ, गावच्या बोलीत सांगून. डास, ताप, उंदीर. उंदीर म्हटल्यावर मागे कोणीतरी हसलं. त्यांनी तो कागद आधीच वाचला होता, चार अक्षरं.

रंभाबाई उठली. ती ओरडली नाही. गेली दोन वर्षं ओरडत होती, त्या दिवशी घाबरून बोलली. "पोराले कोठून आली ती? पोरगं कोठी गेलं होतं? मायपासूनच आली असन. आणि मायले कोठून आली?"

शकुनबाई टिकारामकडे गेली. फक्त दोन पावलं. "तुमी सांगा ना त्याईले." टिकाराम मागे सरकला. मुद्दाम नाही रे, विस्तवाजवळून माणूस पाय मागे घेतो तसा. नंतर त्याला स्वतःलाच कळलं आणि त्याने मान खाली घातली. पण सरकला तो सरकलाच.

तुळसा आजीच्या लुगड्यामागे होती. झंपर द्यायचा राहिला.

सत्यभामा


मोहाडी,
१३ डिसेंबर १९८७

यादोराव,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. तू स्वतःला दोष देऊ नकोस असं मी लिहिलं, तर तू तीन पानं स्वतःलाच दोष दिलास. यात शकुनबाईसाठी कामाची ओळ एकही नाही. असो, लहानपणीही चूक कबूल करून तू पुन्हा लाडूच मागायचास.

साधा कागद मिळाला. विभागाचं नाव नाही, चिन्ह नाही, तुझी सही आणि मजकूर. मी तो घेऊन भैय्याजींकडे गेले. त्यांनी उलटून पालटून पाहिला. "याच्यावर शिक्का कोठी हाये, बाई? असा तर मीबी लिवून देतो." रागाने नाही बोलले. चहाही दिला. कप वेगळा होता की नेहमीचा, ते मी पाहिलं नाही, पाहायचं नव्हतं.

दुसरी गोष्ट. तू लिहिलंस, शकुनबाईचं रक्त पाठव, तिला तो रोग नाही हे आम्ही लिहून देऊ, त्या तपासणीला आता कितीही पैसा आहे, उंदरांचीही गरज नाही. मी तिला सांगितलं. हेही सांगितलं की तपासणी फुकट आहे.

ती म्हणाली, "गुलाबले होता त्या बिमारीले पैसा नव्हता. मले नाई त्या बिमारीले हाये?"

मी म्हटलं, तसंच.

"आणि तो कागद कोण्या नावानं येईन?"

तिने दंडावरून पदर ओढून घेतला. "आता माया रगताले हात नाई लावू देत. तुमच्या भावाले सांगा, तो चांगला हाये. पण नाई."

आता तिसरी. गेल्या बाजारच्या दिवशी टिकाराम आला. सोबत तुळसा. अंगणाच्या बाहेरच उभा राहिला. पोरीच्या डोक्यावर गाठोडं होतं; त्यात तिचे कपडे, तिची ताटली आणि तिचा पेला. म्हणाला, "माय म्हणते, पोरीनं तिचं दूध पेलं हाये. घरात बाकी लेकरं हायेत भावाची." एवढं बोलून त्याने पोरीला पुढे ढकललं, आणि ढकललेल्या हाताकडे पाहत राहिला.

"टिकाराम, तुला खरं वाटतं का हे?"

"मले का वाटते याले कोण विचारते, मास्तरीणबाई."

शकुनबाई सपरीतून आली. दोघं नवरा-बायको अंगणाच्या दोन टोकांना. तिने पोरीला उचललं. आता पेलवत नाही एवढी वाढलीये, तरी उचललं. टिकाराम गेला, आणि कोपऱ्यावर वळताना सायकल धरून थोडा थांबला, मग गेला.

तर, तुझ्या कागदाने तिला तिची मुलगी मिळाली. तुझ्या अहवालात यश म्हणून लिहायला हरकत नाही. संध्याकाळी तिने तुळसाच्या डोक्याला तेल लावलं. झंपर आखूड झाला होता. पोरगी मला म्हणाली, "मोठीबाई, मले आजी कधी नेईन?" तिला आईपेक्षा आजीच ओळखीची आहे ना. शकुनबाई तेल लावतच राहिली.

ताई


मोहाडी,
२० मार्च १९८८

चि. यादोराव,

अभिनंदन. तीन वर्षांसाठी एवढं मोठं अनुदान, आणि अभ्यासाच्या ठिकाणांत भंडारा जिल्ह्याचं नाव. तू लिहितोस की समितीला तुझ्या अर्जातला तो भाग फार आवडला, ज्यात एका लहान गावात रोगाआधी रोगाची भीती कशी पोचली याचं वर्णन आहे. आपली पत्रं उपयोगी पडली म्हणायची. मला स्थानिक सल्लागार नेमायचं म्हणतोस, आणि मी पगार मागेन म्हणून तू आधीच रक्कम सांगून मोकळा झालास. मोठा झालास.

नाही, यादोराव. मी येणार नाही.

रागाने म्हणत नाही. तुझ्या कामाला पैसा मिळाला याचा आनंद आहे. तो रोग उद्या इथेही खरोखरीचा येईल तेव्हा कोणीतरी तयार असायला हवं. पण इथे तुला रक्त कोण देणार? ऑक्टोबरात धान पोटरीला आल्यावर टोलीत ताप पुन्हा आला होता. मला उशिरा कळलं. पोरांना झटके आले, पण कोणी दवाखान्यात नेलं नाही. दवाखान्यात रक्त काढतात, रक्ताचा कागद होतो, कागदावर नाव येतं. मेलेली पोरं बोडीजवळ पुरली, पण किती ते सांगायला कोणी तयार नाही. रंभाबाईच्या घरातलंही एक होतं म्हणतात, टिकारामच्या भावाचं. मी गेले तर दारं लागली. भैय्याजी बाहेर आले, म्हणाले, "इथं कोणी बिमार नाई, मास्तरीणबाई. तुमी जा." हात जोडून म्हणाले.

ते पोरगं शकुनबाईने सांभाळलेलं होतं. तिला मी सांगितलं नाही. मिलवर कोणीतरी सांगितलं.

मिलही आता सुटली. टोलीची बातमी मोहाडीला यायला बाजाराचा एक दिवस पुरला. आधी तिच्या सुपाला कोणी हात लावेना, मग मुकादम म्हणाला, हंगाम संपला. हंगाम संपला नव्हता. तुळसाला अंगणवाडीत घेतलं, पण बसवलं दाराशी. माझ्या शाळेत पालक आले; हेडमास्तर बिचारे मला बोलावून अर्धा तास हवापाण्यावर बोलले आणि मुद्द्याला पोचलेच नाहीत. मी त्यांना सोडवलं. म्हटलं, काळजी करू नका, त्या दोघी जाताहेत.

कारण तिने आधीच ठरवलं होतं. मी खूप बोलले. माझं घर आहे, पगार आहे, मला कोण काय करणार, असं सगळं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "तुमी माया पायी लय केलं, बाई. पण ही पोरगी दाराशी बसून मोठी नाई व्हावाची."

विटाभट्टीचा एक ठेकेदार पलीकडे मध्य प्रदेशात माणसं नेतो. काल त्याचा ट्रक तुमसर रोडला उभा होता. मी पोचवायला गेले. गाठोडं, ताटली, पेला. तुळसा ट्रक पाहून खूश होती.

ठेकेदाराची बायको वर बसून एकेकीला विचारून घेत होती. हिने तिला नाव सांगितलं, ते शकुन नव्हतं. गाव सांगितलं, ते टोली नव्हतं. नवरा विचारला, तर मेला म्हणाली. मी खाली उभी राहून ऐकत होते. वाटलं, शिकली बाई, बरं झालं.

मग त्या बाईने विचारलं, "लेकरं किती?"

शकुनबाईने तुळसाला आधी वर चढवलं. मग स्वतः चढली, लुगडं सावरून बसली.

"एकच," ती म्हणाली. "पहिल्यापासून हेच एक."

मी ट्रकच्या कडेला हात टेकून उभी होते. इतकी वर्षं पोरांच्या चुका दुरुस्त करत आले. ही केली नाही.

सत्यभामा